मेलपेटीची राखण



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहावे असे ठरले होते. तो लेख पुढील अंकी देऊ. या वेळी शेतकी खात्याच्या चाकोरीबाहेरचा विषय घेतला आहे. कारण असे की, गेल्या हंगामात आमच्याच हातून एक चूक झाली आणि ती कारखान्याला, म्हणजे पर्यायाने आपणा सर्वांना, सव्वाचार लाख रुपयांना पडता पडता राहिली. चूक झाकून ठेवण्यापेक्षा चार माणसांत सांगितलेली बरी. निदान दुसऱ्याचा पाय त्याच खड्ड्यात जात नाही.

आपल्या कारखान्याचा पत्रव्यवहार आता बहुतेक ई-मेलने चालतो. बँका, साखर व्यापारी, मळी नेणारे, यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे, साखर आयुक्तालय, ऊसरोपांच्या रोपवाटिका, सगळ्यांशी याच वाटेने बोलणे होते. त्यासाठी संगणक विभागाच्या खोलीत एक सर्व्हर आहे. प्रत्येक खात्याची पेटी त्यात असते आणि ती कोठूनही ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उघडता येते. यालाच वेबमेल म्हणतात. गटात फिरतीवर असताना, बांधावर उभे राहूनसुद्धा आम्हाला पत्र वाचता येते. सोय मोठी आहे. पण ज्या दाराने आम्ही आत जातो, त्या दारावर जगातल्या कोणालाही थाप मारता येते, हे आमच्या ध्यानी कधी आले नव्हते.

काय घडले?

पौषातली गोष्ट. गाळप जोरात चालू होते. दिवसभर दोन गटांतल्या तोडणीच्या तक्रारी मिटवून रात्री अकराच्या सुमारास घरी आलो. जेवण होते न होते तोच मोबाइलवर मेल आला, 'आपली मेलपेटी भरली आहे. रात्री बारापूर्वी खात्री न केल्यास ती बंद होईल. खात्रीसाठी येथे दाबा.' खाली संगणक विभागाचे नाव. ऐन हंगामात पेटी बंद पडणे म्हणजे तोडणी कार्यक्रमाच्या याद्या अडकणे. आम्ही दाबले. नेहमीचेच पान समोर आले, तोच रंग, तेच कारखान्याचे बोधचिन्ह. नाव टाकले, पासवर्ड टाकला. 'पासवर्ड चुकला' असे आले म्हणून पुन्हा टाकला. मग खरी पेटी उघडली आणि आम्ही निर्धास्त झोपलो.

ते पान आपले नव्हतेच. पत्त्यात फरक होता. इंग्रजीतले 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी आले की बारीक टायपात 'एम'सारखे दिसतात. कोणीतरी तसा पत्ता विकत घेऊन आपल्या पानाची नक्कल तिथे मांडली होती. पत्त्याच्या आधी 'एचटीटीपीएस'ही होते. त्याचा अर्थ एवढाच की, तुमच्यापासून त्या पानापर्यंतची वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला साव बसला आहे की चोर, हे त्यावरून कळत नाही. तसले प्रमाणपत्र आज मोफत मिळते, आणि ते चोरालाही मिळते.

पुढे आठ-नऊ दिवस काहीच झाले नाही. चोर घाईत नव्हता. तो आमची पत्रे वाचत बसला होता. कोणत्या रोपवाटिकेकडून किती रोपे आली, बिल कुठवर आले आहे, हिशेब खात्यात कोणाला लिहायचे, हे त्याने नीट पाहून घेतले. मग एके दुपारी आमच्या पेटीतून हिशेब खात्याला पत्र गेले. रोपवाटिकेने बँक खाते बदलले आहे, सोबतच्या नव्या खात्यावर सव्वाचार लाख आजच भरावेत, आम्ही बैठकीत आहोत, फोन करू नये.

हिशेब खात्यातले आमचे सहकारी नोकरीत जुने. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. आम्ही त्यांना नेहमी 'भाऊसाहेब' लिहितो, इथे 'आदरणीय महोदय' होते. दुसरे म्हणजे, एरवी दिवसातून चार फोन करणारा माणूस आज फोनच नको म्हणतो, हे कसे? त्यांनी त्या पत्राला उत्तर दिले नाही. पत्रात दिलेल्या नंबरावरही फोन केला नाही. कपाटातली पुरवठादारांची जुनी वही काढली आणि तिच्यातल्या नंबरावर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "खातं बदललं? कुणी सांगितलं? आमचं खातं हाय तेच हाय की!"

पैसे वाचले ते त्या वहीने आणि त्या फोनने. सर्व्हरने नव्हे. ही गोष्ट या लेखात शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी.

आत काढलेला पाट

गडबडीने आम्ही पासवर्ड बदलला आणि सुटलो असे समजलो. संगणक विभागातल्या पोराने थांबवले. "साहेब, कुलूप बदललंत, पण त्यानं आत पाट काढून ठेवलाय त्याचं काय?" मेलपेटीत नियम घालून ठेवण्याची सोय असते. अमक्याचे पत्र आले की तमक्या कप्प्यात टाक, अशी. चोराने तिथे दोन नियम घातले होते. रोपवाटिकेकडून येणारे प्रत्येक पत्र आम्हाला न दिसता थेट केराच्या टोपलीत जावे, आणि प्रत्येक पत्राची एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी. पासवर्ड बदलला तरी हे नियम तसेच चालू राहतात. आधीपासून उघडून ठेवलेली पेटीही काही वेळा उघडीच राहते. म्हणून असा प्रसंग आला की चार कामे एका बैठकीत करावीत. पासवर्ड बदलणे, सर्व उघड्या बैठका तोडणे, नियम तपासून पुसणे आणि पत्र पुढे पाठवण्याचे पत्ते पाहणे.

त्यानंतर संगणक विभागाने आठवडाभर बसून सर्व्हरची झाडाझडती घेतली. काय काय निघाले! निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांच्या पेट्या चालूच होत्या. कित्येकांचे पासवर्ड म्हणजे कारखान्याचे नाव आणि पुढे स्थापनेचे साल. आमचा त्याहून फार वेगळा नव्हता. व्यवस्थापकाचे पान, जिथून सगळ्या पेट्या ताब्यात घेता येतात, ते साऱ्या जगाला उघडे होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे मेलचा प्रोग्राम जुना होता.

हंगामाची सबब

प्रोग्राम जुना का राहिला? हंगाम चालू असताना चालत्या यंत्राला हात लावू नये, ही आपल्या कारखान्याची जुनी शिकवण. टर्बाइनच्या बाबतीत ती योग्यच आहे. सर्व्हरच्या बाबतीत ती घात करते.

आपले वेबमेल राउंडक्यूब नावाच्या प्रोग्रामवर चालते. तो मोफत आहे आणि जगभर वापरला जातो. जून २०२५ मध्ये त्यात एक दोष उघडकीस आला. दहा वर्षांहून अधिक काळ तो आत दडून होता. त्या दोषाचा अर्थ असा की, कोणत्याही एका पेटीचा पासवर्ड हाती लागलेल्या माणसाला सबंध सर्व्हरवर आपले हुकूम चालवता यावेत. एकाची किल्ली गेली की साऱ्या वाड्याचा ताबा गेला! दुरुस्ती त्याच महिन्यात १.५.१० आणि १.६.११ या आवृत्त्यांत आली होती. आमची किल्ली चोराच्या हाती लागली तेव्हा त्या दुरुस्तीला सहा महिने होऊन गेले होते आणि आपल्या सर्व्हरवर ती बसवलेली नव्हती. आपल्या चोराला रोपांच्या बिलातच रस होता, म्हणून त्याने त्या वाटेने पाऊल टाकल्याची खूण सापडली नाही. पण तो आमच्या सावधपणाचा नव्हे, नशिबाचा भाग झाला.

पासवर्डही न लागता शिरल्याचे उदाहरण मार्च २०२१ चे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरमध्ये चार दोष सापडले. कंपनीने २ मार्चला तातडीने दुरुस्ती दिली, पण चोरटे त्याआधीच कामाला लागले होते. जगभरचे हजारो सर्व्हर फुटले, त्यात लहान कार्यालये पुष्कळ. पुष्कळांनी दुरुस्ती बसवली आणि निश्चिंत झाले. पण दुरुस्तीने दार बंद होते, आधीच आत शिरलेला बाहेर जात नाही. चोरांनी आत छोटे छोटे प्रोग्राम पेरून ठेवले होते, त्यातून ते पुन्हा हुकूम चालवू शकत. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत न्यायालयाची परवानगी घेऊन तिथल्या एफबीआयला शेकडो सर्व्हरवरचे असे प्रोग्राम काढून टाकावे लागले.

आपल्याला हे लगेच समजेल. उसाला काणी आली की नुसता काळा चाबूक कापून भागत नाही. चाबकावर पिशवी घालून बेट मुळासकट उपटावे लागते, आणि त्या प्लॉटचे बेणे पुन्हा वापरायचे नसते. तसेच, फुटलेला सर्व्हर नुसता दुरुस्त करून वापरू नये. नव्याने उभा करावा आणि त्यात जुनी पत्रे तेवढी तपासून आणावीत. आपला सर्व्हर आम्ही हंगाम संपायची वाट न पाहता, एका रविवारी रात्री नव्याने बसवून घेतला. मेल चार तास बंद राहिला. कारखाना काही बंद पडला नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुरुस्त्या बसवायच्या, आणि धोक्याची सूचना असेल तर त्याच दिवशी, असा शिरस्ता ठेवला आहे.

पुढचे दार आणि परसदार

सर्व्हरला अनेक दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. वेबमेलचे दार ४४३. इतर सर्व्हरांकडून येणारी पत्रे २५ वर. मोबाइलमधल्या मेल अ‍ॅपला पेटी वाचायला ९९३. याखेरीज ११० आणि १४३ ही जुनी दारे, ज्यांतून पासवर्ड उघड्याने जाण्याचा धोका असतो. जे दार वापरात नाही ते बंद करावे, हा पहिला नियम. व्यवस्थापकाचे पान आता फक्त कारखान्याच्या आतूनच उघडते. चुकीचे पासवर्ड वरचेवर टाकणाऱ्याचा पत्ता काही काळ आपोआप बंद होतो.

दुसरी गोष्ट दोन टप्प्यांच्या ओळखीची. पासवर्डनंतर मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला सहा आकडी क्रमांकही टाकायचा. तो दर तीस सेकंदांनी बदलतो. त्यामुळे चोरलेला नुसता पासवर्ड शिळा पडतो. इथे एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ ठिकाणी ती राहून जाते. ही दोन टप्प्यांची सोय वेबमेलच्या पानाला जोडली तरी ९९३ क्रमांकाच्या दाराला ती आपोआप लागत नाही. तिथे जुना पासवर्ड एकट्याने चालतो. पुढच्या दाराला दोन कुलपे आणि परसदार नुसते लोटलेले! आम्ही ते दार बाहेरच्यांना बंद केले. ज्यांना अ‍ॅप हवेच त्यांना त्या एका कामापुरता वेगळा लांबलचक पासवर्ड सर्व्हरच देतो.

तरीही एक सांगतो. नकली पान पासवर्डाबरोबर तो सहा आकडी क्रमांकही मागू शकते आणि त्याच मिनिटात वापरू शकते. म्हणून मेलमधल्या दुव्यावरून पेटी कधीच उघडायची नाही, मोबाइलमध्ये एकदा जपून ठेवलेल्या पत्त्यावरूनच उघडायची, हा नियम सर्व खात्यांना लावला आहे.

पासवर्डाबद्दलही आमचा समज चुकीचा होता. दर महिन्याला बदला, त्यात चिन्हे घाला, असे आपण ऐकत आलो. अमेरिकेतील एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये सांगितले की, विनाकारण वारंवार बदलायला लावू नये, लांबीला महत्त्व द्यावे आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही हे पाहावे. वारंवार बदलायला लावले की माणूस शेवटी नुसता आकडा वाढवतो. आम्ही तेच करीत होतो. आता चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड ठेवतो. लक्षातही राहतो.

पत्रावरचे नाव

ई-मेलचा जन्म १९७१ चा. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले आणि पत्त्यात 'अ‍ॅट'चे चिन्ह घातले. पत्र पोचवण्याचे जे नियम आजही पायाभूत आहेत ते १९८२ मध्ये ठरले. तेव्हा संगणक मोजके आणि माणसे ओळखीची. म्हणून पाठवणाऱ्याने जे नाव लिहिले ते खरे मानायचे, असाच व्यवहार होता. पोस्टकार्डावर खाली कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच.

याचा फायदा घेणारे मोठमोठ्यांनाही गंडवतात. लिथुएनियातील इव्हाल्डास रिमासाउस्कास याने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने लाटवियात कंपनी काढली आणि गूगल व फेसबुक यांना खोटी बिले धाडली. दोघांचे मिळून बारा कोटी डॉलरांहून अधिक पैसे त्याच्या खात्यांत गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांच्या घरी संगणकाचे जाणकार हजारोंनी, त्यांची ही कथा, तिथे आपली काय?

या उणिवेवर पुढे तीन उपाय निघाले. पहिला एसपीएफ. आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची जाहीर यादी. दुसरा डीकेआयएम. प्रत्येक पत्रावर सर्व्हरची मोहोर, जी बाहेरच्याला उठवता येत नाही. तिसरा डीमार्क. यादी आणि मोहोर या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचे काय करायचे, याची घेणाऱ्याला सूचना. नुसते कळवा, बाजूला टाका किंवा परत लावा. आम्ही पहिले दोन महिने 'नुसते कळवा' ठेवले, आणि बरे झाले. मळी विक्रीच्या निविदांची पत्रे बाहेरच्या सेवेमार्फत जात होती आणि तिचे नाव यादीत घालायचे राहिले होते. एकदम 'परत लावा' केले असते तर आपलीच पत्रे परत आली असती.

पण या उपायांना मर्यादा आहे. 'एम'च्या जागी 'आर-एन' असलेला पत्ता चोराच्या स्वतःच्या मालकीचा असतो, त्याची यादी आणि मोहोर दोन्ही ठीक असू शकतात. आणि आमच्या प्रसंगात तर पत्र खरोखर आमच्याच पेटीतून गेले होते. तिन्ही तपासण्यांत ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले असते!

नोंद, राखीव प्रत आणि सहा तास

वजनकाट्यावर जशी प्रत्येक गाडीची वेळ उमटते तशी सर्व्हरवर कोण केव्हा कोठून आत आला याची नोंद राहते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आमच्या पेटीत कोणी रात्री दोन-अडीचला परदेशी पत्त्यावरून येत होते, हे नोंदीत स्पष्ट होते. पाहणारा कोणी नव्हता. आता रोज सकाळी दहा मिनिटे त्या पाहायचे काम एका माणसाला नेमून दिले आहे.

पत्रांची राखीव प्रत रोज निघते आणि दर आठवड्याला एक प्रत सर्व्हरपासून तोडून कुलपात ठेवली जाते. जोडलेली प्रत चोराच्याही हाताला लागते. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहतो. उगवण न तपासलेल्या बियाण्याचा भरवसा काय?

एक प्रश्न संचालक मंडळापुढेही आला. हा व्याप घरी ठेवण्यापेक्षा बाहेरच्या मोठ्या सेवेकडे मेल का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. दुरुस्त्या वेळेवर बसवायला माणूस नसेल तर लहान संस्थेने तसेच करावे, असे आमचे नम्र मत आहे. पण सर्व्हर बाहेर गेला तरी पासवर्ड आपला, पेटीतले नियम आपले आणि पैसे देणारा हातही आपलाच राहतो.

सभासदांनी काय करावे?

वार्षिक सभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, तुमच्या मेलात चोर शिरला, मग आमच्या बिलाचं काय?" प्रश्न वर्मी लागला. कारण ऊसबिलाची यादी, नावे आणि खाते क्रमांकांसह, बँकेला मेलनेच जात होती. कोणी ती वाटेत बदलली असती तर? आता ती यादी मेलने जात नाही. बँकेच्या पोर्टलवर एकाने भरायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, असे केले आहे. कोणत्याही पुरवठादाराचे खाते बदलायचे झाल्यास जुन्या वहीतल्या नंबरावर फोन केल्याशिवाय आणि दोन सह्या झाल्याशिवाय बदलत नाही. पत्र कार्यकारी संचालकांच्या नावाने आले, तरीही. उलट फोन केल्याबद्दल कोणी रागावणार नाही, असे त्यांनी स्वतः सर्व खात्यांना लेखी कळवले आहे.

आपणही एवढे पाळावे. आपल्या बिलाचे बँक खाते बदलायचे असल्यास पासबुकाची प्रत घेऊन गट ऑफिसला स्वतः यावे. मेलने किंवा फोनवर कोणी खाते बदलून देतो म्हणाला तर समजा की तो आपल्या कारखान्याचा नव्हे. ओटीपी, पासवर्ड, कार्डाचा आकडा कारखाना कधी मागत नाही. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता आले तर येतात. एक तास गमावला की वाट लांबते.

आम्ही तो पासवर्ड टाकला त्या रात्री थकलो होतो, घाईत होतो आणि पेटी बंद पडण्याची धास्ती होती. चोराला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. ऐन हंगामात आपणा सर्वांची गत अशीच असते. म्हणून घाई करायला लावणारे पत्र आले की तिथेच थांबावे आणि ओळखीच्या नंबरावर एक फोन करावा. भाऊसाहेबांनी तेच केले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. नुसती ती वही टेबलावर ठेवली. ती वही आजही त्याच कपाटात आहे आणि आता तिची एक प्रत शेतकी खात्यातही ठेवली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी